जमिनीवरून उठायची रीत

३ जानेवारी

चिमणे,

अक्षर बघून दचकू नकोस. पत्र माझंच आहे, फक्त डाव्या हातानं लिहिलेलं. उजवा हात कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लॅस्टरमध्ये आहे. चार ओळींना पाऊण तास लागतो, त्यामुळे या वेळी तरी ताई पाल्हाळ लावणार नाही, एवढं समाधान मान.

दर वर्षी या दिवसांत तुझं कार्ड येतं. छापील मजकूर आणि खाली सही. मीही तसंच पाठवते. सव्वीस वर्षं आपलं असं बिनबोभाट चाललंय. या वर्षी तुझं पाकीट मला उघडताच येईना. एका हातानं धरायचं की फाडायचं? शेवटी दातांनी फाडलं, आणि मग खुर्चीत बसून हमसून हमसून रडले. सतराव्या वर्षापासून पुस्तकं बांधणाऱ्या बाईला एक पाकीट उघडता येऊ नये!

घडलं ते असं. वाचनालयाच्या तळघरातून जुन्या मासिकांचा गठ्ठा घेऊन वर येत होते. तसे गठ्ठे मी हजारदा आणलेत. शेवटच्या पायरीला पाय अडखळला. गठ्ठा सोडून कठडा धरला असता तर काही झालं नसतं. सोडला नाही. ग्रंथपालबाई धावत आल्या, तर मी पडल्या पडल्या त्यांनाच सांगतेय, "आधी अंक उचला, पानं जुनी आहेत!" त्या म्हणाल्या, "अहो, तुमचा हात बघा." मग बघितला. नको ते बघितलं असं झालं.

बाबांच्या पुस्तकबांधणीच्या खोलीला आता कुलूप आहे. दिवसभर मी खुर्चीत. आणि एक सांगते, कुणाला सांगू नकोस, म्हणजे तुझ्याकडे माझ्या ओळखीचं कुणी नाही म्हणून तर सांगतेय. हल्ली मी विसरते. पडायच्या आधीपासून. खळ गॅसवर ठेवली आणि करपून पातेलं काळं होईपर्यंत आठवलं नाही. एका कोशाचा एक भाग उलटा शिवला. ग्रंथपालबाईंनी मंगळवार सांगितला आणि मी गुरुवारी गेले. माझ्या डोक्याचं काहीतरी बिनसत चाललंय, चिमणे. सदुसष्टाव्या वर्षी हे लवकर आहे की वेळेवर, मला कळत नाही.

बास. डावा हात भरून आला.

ताई


१२ फेब्रुवारी

चिमणे,

तू उत्तर पाठवशील असं वाटलं नव्हतं. तीनच ओळी, पण तीन वेळा वाचल्या. "हात जपून वापर. कॅल्शियम घे. एकटी जिना चढू-उतरू नकोस." तू दवाखान्याच्या कचेरीत इतकी वर्षं बसलीस, त्याचा परिणाम दिसतो. पण तुझी तिसरी सूचना मोडल्याशिवाय मला घराबाहेर पडता येत नाही, आणि डॉक्टरांनी तर मला मुद्दाम जिन्याच्याच ठिकाणी पाठवलंय.

प्लॅस्टर निघालं. आतून निघालेला हात माझा नव्हताच. बारीक, पिवळट, मनगट लाकडासारखं. बोटं मिटेनात. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. आता बाकीचं तुमच्याकडे." मी म्हटलं, "बाकीचं म्हणजे?" तर म्हणाले, "हात, पाय आणि घराबाहेर पडणं." हात समजला. पायांचं काय? तर त्यांनी मला खुर्चीतून हात न लावता पाच वेळा उठायला लावलं. दोनदा उठले. तिसऱ्यांदा टेबल धरलं. त्यांनी एक चिठ्ठी लिहिली.

जुन्या गोदामाच्या पहिल्या मजल्यावर एक हॉल आहे. आठवड्यातून तीनदा सकाळी दहाला तिथे वय झालेल्यांचे व्यायाम घेतात. शिकवणारी फिजिओ तिशीतली आहे, गोड आहे, आणि सगळ्यांना घाबरते. पहिल्या दिवशी मी अर्ध्या जिन्यातून परत फिरले. का ते विचारू नकोस. दम लागला असं समज.

घरी आले, सरसाच्या बरणीचं झाकण उघडायला गेले. उघडलं नाही. गुडघ्यांत धरून बघितलं, फडक्यानं बघितलं. माझी स्वतःची बरणी! मग ती तशीच टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. दुसऱ्या वेळेला जिना पुरता चढले.

आता कॅप्टनबद्दल लिहिते. हॉलमध्ये एक बाई आहेत, वय एक्क्याऐंशी. कॅप्टन हे नाव तिथल्या ड्रायव्हरकाकांनी ठेवलेलं. हे काका चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेत. म्हणतात, "जन्मभर बसून काम केलं, आता उभं राहायला शिकतोय." तर या कॅप्टन. पांढरे केस कानाबरोबर कापलेले, पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात शाळेतल्या शर्यतींचं असतं तसलं स्टॉपवॉच. एक डोळा जवळजवळ गेलेला, एक गुडघा वाकडा. या बाई हॉलच्या मध्यावर जमिनीवर उताण्या झोपतात आणि कुणाचा हात न घेता, कशालाही न धरता उठून उभ्या राहतात. घाई नाही, आव नाही. कुशीवर, कोपरावर, हातागुडघ्यांवर, एक पाय पुढे, आणि उभ्या. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. त्या म्हणाल्या, "बघून येत नाही. झोपा."

मी म्हटलं, "बाई, मी झोपले तर तुम्हाला क्रेन मागवावी लागेल."

"मागवू. पण आधी झोपा."

झोपले. उठायला मला फिजिओ, ड्रायव्हरकाका आणि एक खुर्ची लागली. कॅप्टननी घड्याळ बघितलं. "चार मिनिटं दहा सेकंद. लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात हसाल."

एका पायावर उभं राहताना त्या शंभरातून सात-सात वजा करत जातात. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी. म्हणतात, पायाला काम दिलं की डोक्याला पण द्यायचं, एकाला रिकामं ठेवलं की ते दुसऱ्याला घाबरवतं. मी एकोणऐंशीला अडकले आणि पडता पडता वाचले.

तुझी
ताई


१९ मार्च

चिमणे,

उजव्या हातानं लिहितेय! वाकडं आहे, पण माझं आहे.

तू विचारलंस, "कॅप्टन कोण? आधी काय करायच्या?" शाळेत शिकवायच्या. गणित. एवढंच आत्ता सांगते, कारण मला त्याहून मोठी गोष्ट सांगायची आहे. माझं डोकं शाबूत आहे.

झालं असं. व्यायाम संपल्यावर आम्ही सगळे हॉलच्या खिडकीपाशी चहा घेतो. त्या दिवशी ड्रायव्हरकाका काहीतरी सांगत होते, सगळे हसले, मीही हसले. कॅप्टन माझ्याकडे बघत होत्या. नंतर जिन्यात म्हणाल्या, "ते काय म्हणाले?"

मी म्हटलं, "कोण?"

"ड्रायव्हर. तुम्ही हसलात. कशाला हसलात?"

मला सांगता येईना. मला वाटलं, बघ, आत्ताचं आत्ता विसरले. माझे डोळे भरून आले, आणि कधी कुणाला बोलले नव्हते ते मी त्यांना तिथेच जिन्यात बोलून टाकलं. खळ, उलटा शिवलेला भाग, मंगळवारचा गुरुवार, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या मागे गेल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मी वळून विचारलं, "काय?" त्या पुढे येऊन म्हणाल्या, "तुमचं नाव घेतलं. तीनदा. बाई, तुम्ही विसरत नाही. तुमच्यापर्यंत पोचतच नाही. जे कानात गेलंच नाही ते आठवणार कसं? चाळीस वर्षं मागच्या बाकांवरच्या मुली बघितल्यात मी. न ऐकू येणारी मुलगी सगळ्यात जास्त मान डोलावते."

कानांच्या डॉक्टरांकडे त्या स्वतः आल्या माझ्याबरोबर. दोन्ही कान निम्म्याच्या खाली गेलेत. खोलीत एकटी बसून काम करणाऱ्या बाईला ते कळणार कसं? बोलायला कोण होतं! डॉक्टर म्हणाले, खळ करपली त्याचंही फार मनाला लावून घेऊ नका, पातेल्याचा आवाजही तुम्हाला आला नसेल. उलटा शिवलेला भाग मात्र त्यांनी कानांवर ढकलला नाही. "झोप कशी आहे?" म्हणाले. मी खरं सांगितलं. त्यावरही सध्या उपाय चाललाय, म्हणजे दुपारची झोप बंद आणि संध्याकाळी चालणं.

यंत्र कानात घातलं आणि घरी आले. चिमणे, आपल्या घरात केवढे आवाज आहेत! नळ गळतोय, दार कुरकुरतंय. कागदाची घडी घातली की चर्र असा आवाज येतो, तो मला किती वर्षांत आला नव्हता. मी अकरा कागदांच्या घड्या घातल्या, नुसत्या ऐकायला.

पाच महिने मी मनातल्या मनात वेडी होत होते. आणि या बाईनं एका जिन्यात सोडवलं.

ताई


२७ एप्रिल

चिमणे,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलंय. आता फाडणार नाही.

तू परत विचारलंस, "गणित कुठल्या शाळेत शिकवायच्या?" तुला संशय आलाय. बरोबर आहे तुझा. कॅप्टन म्हणजे तुझ्या सासूबाई.

आता हवं तर इथेच थांब. मी तुझ्या जागी असते तर थांबले असते.

पहिल्या दिवशी जिन्यातून परत फिरले ते दमामुळे नाही. उघड्या दारातून त्या दिसल्या. केस कापले तरी पाठीचा ताठा तोच. मला वाटलं, या बाईच्या खोलीत मी पाऊल टाकणार नाही. आणि मग बरणीचं झाकण उघडलं नाही, हे तुला सांगितलंच. मी स्वार्थी निघाले. मला माझा हात हवा होता. मनात म्हटलं, ती मला ओळखत नाहीये, आपण गुपचूप व्यायाम करू आणि हात सुधारला की बंद करू. नंतर कानांचं झालं. त्यानंतर बंद करणं जमेना.

गेल्या सोमवारी सगळे गेल्यावर त्या बाकावर बुटांच्या नाड्या बांधत बसल्या होत्या. खाली बघत म्हणाल्या, "तुमची बहीण कशी आहे?"

मी म्हटलं, "कुठली बहीण?"

"एकच आहे तुम्हाला."

त्या म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी ओळखलं. जिन्यातून परत गेलात ना, तेव्हाच. म्हटलं, माझ्यामुळे ही बाई हाताचे व्यायाम सोडणार. तुम्ही आला नसतात तर मी माझी वेळ बदलून घेणार होते. फिजिओला सांगून ठेवलं होतं."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. वय बहात्तर असताना त्या स्वयंपाकघरात घसरून पडल्या. सकाळचे सात. हाड मोडलं नाही, रक्त नाही, काही नाही. फक्त उठता येईना. टेबलाचा पाय दीड हातावर, तिथपर्यंत सरकता येईना. संध्याकाळी पाचला खालच्या मजल्यावरची बाई चुकून तिच्याकडे गेलेलं टपाल द्यायला आली, तेव्हा दार फोडून त्यांना बाहेर काढलं. दहा तास. "माझ्याकडे कुणी कामाशिवाय येत नसे," त्या म्हणाल्या. "आणि काम कुणाचंच नसे. पहिले दोन तास मी मुलावर चिडले. तो परदेशात, महिन्यातून एक फोन. मग शेजाऱ्यांवर चिडले. मग चिडायला कुणी उरलं नाही. तेव्हा कंबर धरली आणि मला तुमची बहीण आठवली. ती म्हणायची, उठता येत नाही. आणि मी म्हणायचे, उठायचं नाही असं म्हण."

चिमणे, हे वाक्य तू मला तेव्हा सांगितलं होतंस. शब्द न् शब्द तोच होता.

मी विचारलं, "मग तुम्ही तिला कळवलं का नाही?"

"पत्ता नव्हता. तुमच्याकडे मिळाला असता. पण तुमच्या दारात येऊन पत्ता मागायची लाज वाटली." त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. "पाय बळकट करणं माझ्या हातात होतं. ते केलं. आणि नऊ वर्षं इथे येणाऱ्या प्रत्येकाला जमिनीवरून उठायला शिकवतेय. त्यानं तिचं काही भरून निघत नाही, हे मला कळतं. मी गणित शिकवलंय."

मला त्यांचं कौतुक वाटतं. हे तुला लिहिताना मला माझीच लाज वाटतेय, तरी लिहिते, कारण तुझ्यापासून आणखी काही लपवायचं नाही. बहात्तराव्या वर्षी ज्या बाईला चमचा उचलायला वाकता येत नव्हतं, तिनं एक-एक इंच करत स्वतःला उभं केलं. शरीराला तर केलंच, पण स्वभावालाही. शाळेतल्या मुली ज्यांना घाबरून चळाचळा कापायच्या, त्या आता ड्रायव्हरकाकांना "चुकलं माझं, पुन्हा सांगा" म्हणतात. ते मी स्वतः ऐकलंय. नव्या कानांनी.

तू काय ते ठरव.

ताई


१५ जून

चिमणे,

सात आठवडे झाले. तू लिहिलं नाहीस, ते मी समजू शकते. तरीही लिहितेय, कारण परवा मी पुन्हा पडले.

घाबरू नकोस, आधी शेवट सांगते. काही मोडलं नाही, मी बरी आहे. कामाची खोली आता उघडलीय, वाचनालयाचे कोश येतात, रोज दोन तास काम करते, जास्त नाही. पुठ्ठ्यांची कात्रणं खाली पडलेली, त्यावर पाय घसरला आणि मी टेबल आणि दाबयंत्र यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत बसकणच मारली. मग आडवी झाले. सकाळचे साडेदहा वाजले होते. घरात कुणी नाही. फोन टेबलावर, तो नेमका वाजत होता. वाजून बंद पडला.

आधी काहीच केलं नाही. कॅप्टन सांगतात, पडल्यावर पहिलं काम श्वास. मग बोटं हलवून बघायची, मग घोटे, मग मान. सगळं हललं. मग कुशीवर वळायचं. जागा इतकी अरुंद की दोनदा यंत्राच्या पायावर डोकं आपटलं. कोपरावर आले. मनगट कण्हत होतं, म्हणून वजन डावीकडे घेतलं. हातागुडघ्यांवर आले आणि तिथे अडकले. पाय पुढे येईना. मोठ्यानं मोजायला लागले, शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्टला पाय पुढे आला. स्टुलावर हात ठेवला आणि उठले. बारा मिनिटं लागली. उठल्यावर मी एकटीच खोलीत मोठ्यानं हसले.

पण त्या बारा मिनिटांतली पहिली चार मी नुसती पडून होते, आणि तेव्हा जे मनात आलं ते तुला सांगायचंय. मागच्या पत्रात मी त्यांचा गुन्हा लिहिला. माझा नाही लिहिला.

ते स्थळ मी आणलं होतं. आई गेल्यावर तुझं सगळं मीच केलं, आणि लग्नही मीच जमवलं, त्याचा मला तोरा होता. तू मला कंबर दाखवलीस, तू चौतीस वर्षांची होतीस आणि म्हातारीसारखी भिंत धरून चालत होतीस. मी म्हटलं, "थोडं सहन कर, सगळ्यांनाच होतं." मला कळत होतं की सगळ्यांना होत नाही. पण तुझं खरं मानलं असतं तर माझं चुकलं असं मानावं लागलं असतं. त्यापेक्षा तू सहन करणं मला सोपं वाटलं.

आणि तू ते घर सोडून निघालीस त्या दिवशी मी स्टँडवर आले नाही. काम आहे असा निरोप पाठवला. काम होतं. चाळीस रजिस्टरं बांधायची होती. ती दुसऱ्या दिवशी बांधली असती तरी जग बुडणार नव्हतं. मी आले नाही कारण तू माझ्याकडे बघशील याची मला भीती वाटली.

चुकलं माझं. सव्वीस वर्षं उशिरा, पण धडधाकट असताना लिहितेय, डोकं ठिकाणावर असताना. नंतर कुणी म्हणायला नको, आजारपणात काहीबाही लिहिलं.

ताई


९ ऑगस्ट

चिमणे,

तुझं पत्र मंगळवारी आलं. अर्धं पान. मला आता पाठ आहे.

"तिला माफ केलं असं समजू नकोस. तुलाही नाही, अजून. पण तुझं जूनचं पत्र वाचल्यावर मी खोलीत जमिनीवर बसून बघितलं. उठता येईना. पलंग धरून कशीबशी उठले. मी साठ वर्षांची आहे ताई, हे बरोबर नाही. आधी काय करायचं ते तिला विचार."

मी बुधवारी हॉलमध्ये गेले. तुला न विचारता पत्र त्यांच्या हातात द्यावं की नाही, रात्रभर नक्की होत नव्हतं. शेवटी दिलं. निरोप त्यांच्यासाठीच होता. त्यांनी भिंग काढलं, बाकावर बसून वाचलं, मग परत वाचलं. चष्मा काढला. फिजिओ काहीतरी विचारायला आली, तिला हातानंच थांब म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे."

आणि कामाला लागल्या. तू किती चालतेस, जिने आहेत का, पलंगाची उंची काय, औषधं कुठली, चष्मा कधी तपासला, दिवसभरात बोलायला माणूस असतं का, सगळं मला विचारलं. मला निम्म्याचंही उत्तर देता आलं नाही. मला माझ्या बहिणीबद्दल इतकं कमी माहीत आहे हे त्या बाकावर बसून कळलं.

मग म्हणाल्या, "तिची कंबर डावीकडून धरते. पायात कळ जाते, पोटरीपर्यंत. तेव्हा जायची. तिला सरसकट व्यायाम देऊन चालणार नाही. आधी डॉक्टरांना दाखवू दे आणि ते हो म्हणाले तरच हे सुरू करू दे."

डावीकडून, चिमणे. मला ते आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं. म्हणजे तेव्हाही त्यांना ते दिसत होतं.

हे त्यांना कळलं असावं, कारण त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हो. दिसत होतं. ते जास्त वाईट आहे."

सोबत त्यांची तीन पानं आहेत. गणिताच्या वहीतली, समास आखलेली. त्यांनी ती चार दिवस लिहिली, फिजिओकडून तपासून घेतली. फिजिओनं एक व्यायाम काढायला लावला, तो त्यांनी मुकाट्यानं काढला. एक्क्याऐंशीव्या वर्षी तिशीतल्या पोरीकडून लाल रेघ मारून घेणारी गणिताची बाई मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. त्यात माफीचा एकही शब्द नाही. मी विचारलं, घालायचा का. म्हणाल्या, "तिनं विचारलं तेवढंच लिहायचं. बाकीचं तिनं विचारलं तर."

ताई


३० सप्टेंबर

चिमणे,

डॉक्टरांनी हो म्हटलं हे वाचून कॅप्टननी स्टॉपवॉच काढून उगाचच पुसलं. तुझी वेळ, सहा मिनिटं वीस सेकंद, पलंग न धरता, त्यांनी हॉलच्या फळ्यावर लिहिली. खाली नाव नाही, फक्त वेळ. ड्रायव्हरकाकांनी विचारलं, "ही कोण नवीन?" कॅप्टन म्हणाल्या, "परगावची आहे. पण चिकाटीची आहे, तुमच्यापेक्षा."

तू लिहिलंस, संध्याकाळी नदीकाठच्या रस्त्यानं चालायला जातेस आणि खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला बरोबर नेतेस. कॅप्टननी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं मला.

आणि पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की स्टेशनातून बाहेर पडल्यावर डावीकडची बस घ्यायची, तिसऱ्या थांब्यावर उतरायचं, औषधाच्या दुकानाशेजारची इमारत, चौथा मजला, लिफ्ट नाही. ये असं कुठेच लिहिलं नाहीस. सगळं पत्र मी उलटंपालटं करून शोधलं.

मी सतरा तारखेचं तिकीट काढलंय. गाडी दुपारी दोनला पोचते. कान लावून येणार आहे, त्यामुळे हळू बोललीस तरी चालेल.

एक काम कर. मला घ्यायला खाली येऊ नकोस. चार मजले आहेत, मी प्रत्येक मजल्यावर थांबेन, वेळ लागेल. तू दार उघडं ठेव.

ताई